टेप क्रमांक एकशे सतरा

"यात टेपचा नंबर कुठे लिहायचा?"

मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा निशांतने माऊसवरचा हात उचलला आणि खुर्चीसकट माझ्याकडे वळला.

"ताई, नंबर लागतच नाही. हेच तर मघापासून सांगतोय. नाव टाइप करायचं, क्लिप समोर हजर."

"बरं. टाक. केराबाई टाक."

त्याने टाकलं. पडद्यावर काहीच आलं नाही.

"अजून नावं भरली नाहीयेत ना," तो म्हणाला. "एकदा कोणीतरी बसून सगळी भरली की..."

"म्हणजे लिहायचं आलंच की! मग मी दोन वर्षं काय करते आहे इथे?" मी समोरच्या वह्यांवर हात आपटला. सात वह्या होत्या, लांबट, कापडी बांधणीच्या.

कुंदा फिस्सकन हसली. दिगंबर हसला नाही.

दोन हजार तीन सालचा ऑगस्ट. पुण्यातल्या आमच्या संस्थेच्या कचेरीची मागची खोली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या, माती वाहिलेल्या बायकांवर दिगंबर मोठा माहितीपट करत होता आणि मी त्याची संकलक होते. काड्यापेटीहून थोड्या मोठ्या एकशे चौसष्ट टेपा, प्रत्येक एका तासाची. एवढं सगळं कॉम्प्युटरच्या कुठल्या प्रोग्रॅमवर जोडायचं, ते ठरवायला सगळे जमलो होतो. एकदा ठरलं की पुढचं दीड वर्ष त्याच्याशीच संसार.

दोन स्थळं होती. पहिलं मी मुंबईला जाऊन आठवडाभर वापरून आले होते. करड्या रंगाचा, दिसायला कुरूप, पावलोपावली अडवणारा प्रोग्रॅम. टेप आत घालायची तर आधी विचारणार, नंबर काय? नंबर दिला नाही की पुढे सरकणार नाही. मी त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं. दुसरं स्थळ निशांतने आणलेलं. चकचकीत, झटपट, काही न विचारता गिळत जाणारं. त्याला मी नवरदेव म्हणत असे. निशांत सव्वीस-सत्तावीसचा, हुशार, संस्थेने सल्लागार म्हणून आणलेला. त्याला हे नाव आवडलं होतं, हे मला आणखी झोंबलं.

"निशांत, ऐक," मी म्हटलं. "आपला कॅमेरा प्रत्येक टेपला शून्यापासून घड्याळ लावतो. तेवीस मिनिटं चौदा सेकंद हे ठिकाण एकशे चौसष्ट वेळा आहे. तू आत्ता जागा पुरावी म्हणून चित्र बारीक करून भरणार. निवडायला ठीक आहे ते. पण शेवटी पक्कं चित्र घ्यायला मूळ टेपच लावावी लागणार ना? तेव्हा तुझा नवरदेव मला कुठली टेप मागेल?"

"मागेल... म्हणजे, फोल्डरची नावं नीट ठेवली तर..."

"कोण ठेवणार?"

"शरयू, पुरे," दिगंबर म्हणाला. "कात्री आणि चिकटपट्टीच्या बाहेर ये जरा. जग कुठे गेलंय बघ."

कात्री आणि चिकटपट्टी! एकाहत्तर साली मी संकलनाच्या खोलीत शिरले तेव्हा मी तिथली एकटी बाई होते. पांढरे हातमोजे घालून फिल्म हाताळायची, कापलेला प्रत्येक तुकडा खिळ्याला टांगायचा, त्याच्यावर पांढऱ्या पेन्सिलीने नंबर घालायचा. चार बोटं लांबीचा तुकडा जरी हरवला तरी माझे उस्ताद दिवसभर जेवू द्यायचे नाहीत, स्वतःही जेवायचे नाहीत. या दिगंबरचा पहिला माहितीपट मीच जोडला होता. त्याने फिल्म चपलेखाली तुडवली होती, ती मी ओल्या फडक्याने फूट फूट पुसली होती. तेव्हा कात्री चालत होती त्याला.

टेपा आल्यावरही मी माझी शिस्त सोडली नाही. टेप आली की पूर्ण बघायची. कोण बोललं, काय बोललं, कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, हे वहीत उतरवायचं. तोवर टेपच्या डबीवर नुसता पेन्सिलीने नंबर. वहीतलं काम पुरं झालं की शाईचं लेबल, आणि मग टेपच्या कडेची बारकी पट्टी नखाने सरकवून बंद. ती बंद असली की त्या टेपवर दुसरं काही चित्रित करता येत नाही. कचेरी सांभाळणाऱ्या कुंदाला मी पहिल्याच महिन्यात समोर बसवून पढवलं होतं: "पट्टी बंद म्हणजे काम झालेली टेप, तिला हात लावायचा नाही. पट्टी उघडी म्हणजे कोरी. कळलं?" कुंदाने मान डोलावली होती. दोन वर्षांत तिने एकदाही चूक केली नव्हती.

आणि हा सगळा आटापिटा मी विशेषकरून कुणासाठी करत होते, ते दिगंबरला माहीत होतं.

केराबाई खरात. माण भागातल्या एका गावची. तिच्याकडे चित्रण करायला मीही गेले होते, कारण पुरुषांसमोर ती तोंड उघडेना. दिगंबर बाहेर ओट्यावर बसला, कॅमेरा तिवईवर लावून कॅमेरावालाही बाहेर गेला, आणि आम्ही दोघीच आत उरलो. एकशे सतरा नंबरची टेप. पहिली वीस मिनिटं ती दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीबद्दल बोलली, पाण्याबद्दल बोलली. मग एकाएकी थांबली.

"तुला एक सांगते. पर अर्धं दावायचं न्हाय. दावलं तर सगळं दाव."

पाझर तलावाच्या कामावर मातीचा कडा खालून पोखरला गेला होता. बायका मुकादमाला सांगत होत्या, हितं खांदू नगा. एके दिवशी दुपारी कडा खाली आला आणि तीन बायका आत गेल्या. माती उपसून बाहेर काढल्या तेव्हा जीव नव्हता. संध्याकाळी हजेरीपट लिहिला गेला, त्यात त्या तिघींच्या रकान्यांत त्या दिवशी गैरहजर असा शेरा पडला. कामावर नव्हत्याच, म्हणजे कामावर मेल्याही नाहीत. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. केराबाई त्यांच्या पलीकडे दहा हातांवर होती. तीस वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं.

"माजं नाव आलं न्हाय तरी चालंल," ती म्हणाली होती. "त्या तिघींची नावं येऊ दे. त्या हुत्या म्हणावं. त्या दिवशी कामावर हुत्या."

मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

तर त्या ऑगस्टातल्या दुपारी दिगंबरने हात वर करायला सांगितले. जणू सहल कुठे न्यायची ते ठरवायचं होतं! निशांतचा नवरदेव कुणाला हवा? विश्वस्त मंडळातले दोघे आले होते, त्यांनी हात वर केला. दिगंबरने केला. आणि सगळ्यांचे बघून कुंदानेही केला.

"तू कशाला हात वर करतेस गं?" मी कडाडले. "तुला यातलं काय कळतं? तू चहाचं बघ!"

कुंदाचा हात खाली आला. चेहरा लालबुंद झाला.

"शरयू, तिची माफी माग," दिगंबर म्हणाला.

"आधी तू केराबाईची माग. नंबर न विचारणाऱ्या यंत्राच्या पोटात घालतो आहेस तिला."

"नाटकं करू नकोस. यंत्र आहे ते. आणि स्पष्टच सांगू का? मला वेळेत सिनेमा हवाय. तुझ्या वह्यांची पूजा करत बसायला वेळ नाही मला."

मी उठले. सातही वह्या उचलल्या, छातीशी धरल्या, माझ्या टेबलावरून चष्म्याचं घर घेतलं आणि चालू लागले.

"वह्या संस्थेच्या आहेत," दिगंबर मागून ओरडला.

"अक्षर माझं आहे," मी म्हटलं आणि दार आपटलं.

पाच महिने मी तिकडे फिरकले नाही. दिगंबरनेही फोन केला नाही. दिवाळीत केराबाई गेल्याचं पोस्टकार्ड तिच्या मुलीकडून आलं. मी ते सहाव्या वहीत ठेवलं, एकशे सतरा नंबरच्या पानावर.

जानेवारीत फोन आला तो निशांतचा.

"ताई, तुम्ही याल का? प्लीज. दिगंबरसरांनी सांगितलेलं नाही, मीच बोलावतोय."

"का? नवरदेव रुसला?"

"एकशे सतरा लावली मी पक्क्या चित्रासाठी. त्यात दुसरंच काहीतरी आहे."

मी रिक्षा केली. मागच्या खोलीत निशांत एकटा बसला होता. चेहरा उतरलेला. मान्य करायला हवं, पोरगं कामाचं होतं. माझ्या भांडणानंतर त्याने स्वतः बसून प्रत्येक फोल्डरला टेपचा नंबर दिला होता. नंबर बरोबर होता. डबीही बरोबर होती, माझ्याच पेन्सिलीतला एकशे सतरा. त्याने टेप सुरू केली.

पडद्यावर आमचे खजिनदार हार्मोनियम वाजवत होते.

संस्थेचं स्नेहसंमेलन. डिसेंबरातलं. खजिनदारांनी दोन भावगीतं म्हटली, दोन्ही बेसूर. मग बागेत कर्मचाऱ्यांची लिंबू-चमचा शर्यत. दिगंबरच चमचा दातात धरून धावत होता, लिंबू पडलं की खो खो हसत होता. मग जेवणाची पंगत, जिलबीचं ताट, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवणारी मंडळी. मी बघत राहिले. एक्केचाळीस मिनिटं. निशांतने दोनदा पुढे पळवू का विचारलं, मी नको म्हटलं. काय काय झालं आहे तिच्यावर, ते मला सगळं बघायचं होतं.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला चित्र हललं, निळं झालं, आणि केराबाई आली. डोक्यावर पदर, मागे पत्र्याची भिंत, गालावर दारातून आलेलं ऊन. एखादीला झोपेतून उठवावं तशी मधूनच बोलती झाली.

"...आन् म्हून म्या कवा त्या तलावाचं पानी प्याले न्हाय. लिवलीस नव्हं नावं?"

"लिहिली," कॅमेऱ्यामागून माझा आवाज आला.

"तिघींचीबी?"

"तिघींची."

"मग झालं," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसलं.

नावं तेविसाव्या मिनिटाला होती. तिथे आता हार्मोनियम होतं.

"कॉम्प्युटरमध्ये आहे की आधी भरलेलं," निशांत घाईघाईने म्हणाला. "बघा." त्याने दाखवलं. चित्र इतकं बारीक करून भरलेलं की मोठं केलं की केराबाईच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन होत होते. डोळे कुठे, तोंड कुठे, काही कळत नव्हतं. पण आवाज स्वच्छ होता. तीन नावं, एकेक सावकाश, मध्ये श्वास घेत.

दिगंबर आत आला. मला बघून थबकला, मग पडद्याकडे बघितलं. त्याला आधीच माहीत असावं.

"आलीस," तो म्हणाला.

"कसं धावलास रे छान. लिंबू पडलं का शेवटी?"

"शरयू, मलाही वाईट वाटतंय."

"वाटू दे. आता ऐक. चित्र नसलं तरी आवाज आहे. पडदा काळा ठेव. काळ्या पडद्यावर तिचा आवाज आणि खाली तिघींची नावं, पांढऱ्या अक्षरांत. मग हे शेवटचं चित्र लाव, लिवलीस नव्हं नावं, तिथे संपव. मी आत्ता बसते जोडायला. तुझ्या नवरदेवावर बसते."

तो खिडकीकडे वळला.

"वाहिनीवाले घेणार नाहीत. सव्वा मिनिट काळा पडदा? परत पाठवतील. आणि खरं सांगू? चेहरा दिसत नसताना असा आरोप करायचा... उद्या कुणी म्हटलं बाई खोटी आहे, तर? बाई तर गेली."

"म्हणून तर!"

"शेवटचं चित्र सुंदर आहे. मी ते घेतो. पाण्याचं वाक्य घेतो. त्या तलावाचं पाणी कधी प्याले नाही. किती मोठं वाक्य आहे ते! लोकांना कळेल काहीतरी झालं होतं."

"काहीतरी?" माझा आवाज इतका चढला की बाहेरची माणसं दाराशी आली. "ती काय म्हणाली होती? अर्धं दावायचं न्हाय! तू बाहेर ओट्यावर बसून ऐकलं होतंस, दिगंबर. काहीतरी झालं, असंच तर त्या हजेरीपटाने म्हटलं. तू आणि तो मुकादम, दोघांत फरक काय? त्याने गैरहजर लिहिलं, तू काळा पडदा नको म्हणतोस!"

"तोंड सांभाळ."

"नाही सांभाळत. माझं नाव काढ तुझ्या सिनेमावरून."

"काढतो," तो म्हणाला. आणि त्याने खरंच काढलं.

ही गोष्ट मी पुढे पुष्कळांना सांगितली. संकलन शिकवायला जात असे तिथे तर दर वर्षी सांगितली. यंत्र निवडताना ते किती झटपट चालतं ते बघू नका, ते तुम्हाला काय विचारतं ते बघा, असं मी सांगत असे. मुलं लिहून घेत. दिगंबरचा सिनेमा गाजला, त्याला बक्षिसं मिळाली, पाण्याचं वाक्य वर्तमानपत्रांत छापून आलं. दर वेळी माझ्या अंगाची आग व्हायची आणि मी ही गोष्ट आणखी तिखट करून सांगायचे. चुकीचा प्रोग्रॅम, उथळ माणसं, लिंबू-चमचा. ऐकणाऱ्यालाही चीड यायची. दिगंबर गेला त्यालाही आता सहा वर्षं झाली, तरी माझी चीड काही गेली नाही.

पण गोष्ट मी दर वेळी एक पाऊल अलीकडे थांबवत आले.

त्या दिवशी मी तणतणत मागच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा कुंदा तिच्या टेबलाशी उभी होती. मी तिच्यासमोर जाऊन एकशे सतराची डबी आपटली.

"संमेलनाला टेपा कुणी काढून दिल्या?"

"मी," ती म्हणाली.

"मूर्ख बाई! मांडणीवर एकशे चौसष्ट टेपा होत्या. तुला हीच सापडली?"

"बाकीच्यांची पट्टी बंद होती, ताई." ती रडत नव्हती. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "पाचच उघड्या होत्या. लेबलही नव्हतं त्यांच्यावर. तुम्हीच सांगितलं होतं ना, उघडी म्हणजे कोरी. मी पुन्हा विचारणार होते. पण तुम्ही म्हणाला होतात, मला यातलं काय कळतं."

मी डबी तिथेच सोडून निघून आले. आजतागायत तिची माफी मागितलेली नाही.

ऑगस्टातल्या त्या दुपारी, सभेला जाण्याआधी, मी एकशे सतरा ते एकशे एकवीस या केराबाईच्या गावच्या, सगळ्यांत शेवटी ठेवलेल्या पाच टेपांचं वहीतलं काम पुरं केलं होतं. आता लेबलं लावायची आणि पट्ट्या सरकवायच्या, तेवढ्यात हाक आली. आल्यावर करू, म्हणून उठले. मग भांडून वह्या उचलल्या, टेबलाशी आले, चष्म्याचं घर उचललं. पाचही टेपा त्या घराच्या शेजारी ओळीने ठेवल्या होत्या. विसरले, असं मी स्वतःलाही इतक्या वर्षांत सांगू शकले नाही. मी त्या पाहिल्या. उघड्या आहेत हेही पाहिलं. नखाने पाच पट्ट्या सरकवायच्या, अर्ध्या मिनिटाचं काम. मनात आलं, मी नको ना यांना? मग करू देत यांचं यांना. आणि मी दार आपटलं.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. एकशे सतरावर उरलेली केराबाईची ती शेवटची मिनिटं कुठे आहेत, कुणाला ठाऊक नाही. निशांतच्या नवरदेवाचं दुकान कधीच मोडलं, त्यात भरलेलं आता कुठल्याच यंत्रावर उघडत नाही. माझा हवालदारही राहिला नाही. वह्या आहेत. सहावी माझ्यासमोर उघडी आहे. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत जे आहे ते तसंच उतरवते.

टेप ११७. तेवीस मिनिटं चौदा सेकंद. केराबाई खरात सांगतात, त्या दिवशी कामावर होत्या:

अंजिरा बाबू खरात.

सुभद्रा लोखंडे, वय सोळा-सतरा.

शेवंता. आडनाव केराबाईंना माहीत नाही. बहिणीकडे पाहुणी आली होती, बहिणीला ताप होता म्हणून तिच्या जागी कामावर गेली.